कल्याणप्पा तेल्याचा थोरला

महाराष्ट्र राज्य झालं, त्याच्या पुढच्या सुगीत माकणीच्या तेल्याच्या दारात हेळवी आला. महालिंगप्पा तेली तेव्हा ओट्यावर बसून होता. घाणा चालू म्हणावा तर चालू, बंद म्हणावा तर बंद, अशी गत झाली होती. लोहाऱ्याच्या वाटेला इंजिनाची तेलगिरणी निघाल्यापासून गावची करडई तिकडंच जायची. जुन्या सवयीची चार-दोन घरं तेवढी अजून त्याच्याकडं यायची, तीही त्याच्या आईची ओळख सांगत. बायको सिद्धम्मा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ झालं नाही. सकाळी लिंगपूजा करायची, बैलाला वैरण टाकायची, आपल्यापुरती भाकरी थापायची आणि कुणी येतं का बघत ओट्यावर बसायचं, असा त्याचा दिवस.

हेळवी म्हणजे घराण्यांची पिढीजात नावं तोंडपाठ धरणारा माणूस. सजवलेल्या बैलावर बसून, घंटा वाजवत तो यायचा, दारात थांबून खापरपणज्यापासूनची नावं म्हणायचा आणि सुपातलं धान्य घेऊन पुढच्या घराकडं वळायचा. रझाकाराच्या धामधुमीच्या आधी एक म्हातारा हेळवी यायचा. त्यानंतर कुणी फिरकलंच नव्हतं. आता आला तो त्याचा मुलगा मल्लिकार्जुन. चाळिशीचा, आवाज अगदी बापाचा.

"तुमचे वडील?" महालिंगप्पानं विचारलं.

"शिवैक्य झाले. पर नावं सगळी देऊन गेलेत."

मल्लिकार्जुननं डोळे मिटले आणि अर्ध्या कानडीत, अर्ध्या मराठीत म्हणायला सुरुवात केली. कल्याणाकडून आलेला मूळपुरुष, त्यानं तेरणेच्या काठावर रोवलेला पहिला घाणा, दुष्काळात मोडलेली एक शाखा, आळंदला गेलेली दुसरी. महालिंगप्पाला हे सगळं पाठ होतं. तरी ऐकताना त्याला बरं वाटत होतं. कितीतरी दिवसांनी त्याच्या घरात एवढी माणसं आली होती.

"शरणप्पाचा पुत्र कल्याणप्पा. कल्याणप्पाचे पुत्र दोन. थोरला वीरभद्र, धाकटा महालिंगप्पा. वीरभद्राचा वंश भूमच्या रानात, तीन पुत्र, सात नातवंडं. महालिंगप्पाचा वंश..." आणि इथं हेळव्याचा आवाज अडला. त्यानं डोळे उघडले, खाली बघितलं आणि घंटा वाजवून म्हणणं संपवलं.

महालिंगप्पा हातात सूप घेऊन उभा होता.

"काय म्हणालात तुमी? वीरभद्राचा वंश?"

"व्हय."

"वीरभद्र माझा थोरला भाऊ. त्यो पिलेगाच्या सालात गेला. सहा वर्षांचा हुता. रानात त्याची समाधी हाय. माझी आई दर अमावास्येला दिवा लावायची. ती गेल्यापास्नं म्या लावतोय."

मल्लिकार्जुन बैलावरून खाली उतरला. सहसा हेळवी यजमानाच्या दारात उतरत नाहीत.

"आप्पा, माझ्या वडलांनी मला बजावलं हुतं. कल्याणप्पा आन गिरिजाबाई दोघं हयात हायेत तवर हे नाव त्या दारात घ्यायचं न्हाय. दोघं गेल्यावर मातर लपवायचं न्हाय. वेशीत कळलं, गिरिजाबाई गेल्याला धा साल झाली. म्हणून म्हणालो."

"भाऊ जिता हाय?"

"दिवाळीत तरी हुता. भूमच्या पल्याड वाडी हाय. सिदू धनगर म्हणून विचारा, कुणीबी सांगंल."

अजून काही विचारावं, असं महालिंगप्पाच्या मनात होतं. पण तेल्याचं पोर धनगर कसं झालं, हे दारात उभ्यानं विचारायला त्याला लाज वाटली. त्यानं सूप हेळव्याच्या झोळीत ओतलं. तो गेला तरी महालिंगप्पा रिकामं सूप धरून तिथंच उभा राहिला.

घरात सांगितली जायची ती हकीकत अशी होती. गाठीच्या तापाची साथ आली तेव्हा अख्खं गाव घरंदारं सोडून रानात खोपी घालून राहिलं होतं. गिरिजाबाई दुसऱ्या बाळंतपणाला आळंदकडं, माहेरी होती. कल्याणप्पा थोरल्या पोराला घेऊन खोपीत होता. पोराला गाठ आली आणि ते गेलं. कल्याणप्पानं एकट्यानं खड्डा घेतला, पोराला विधीनं बसवलं, वर दगड रचले आणि पायी चालत आळंद गाठलं. तिथं महालिंगप्पा चार दिवसांचा होता. त्या दगडांच्या ढिगाला घरात 'वीरभद्र' म्हणत. गिरिजाबाई तिथं जाऊन डोकं टेकायची. कल्याणप्पा बांधावर थांबायचा. जवळ कधी जायचा नाही. महालिंगप्पाला वाटायचं, बापाला सोसत नसेल.

दुसऱ्या दिवशी त्यानं पहार खांद्यावर टाकली आणि रानात गेला. ढिगापाशी बराच वेळ नुसता बसला. मग एकेक दगड उचलून बाजूला ठेवायला लागला. आईच्या हाताचं कुंकू वरच्या दगडावर थरावर थर चढलं होतं, तो दगड त्यानं धोतराच्या सोग्यानं पुसून वेगळा ठेवला. ऊन चढलं तेव्हा जमीन मोकळी झाली. त्यानं पहार मारली. ठण्ण आवाज आला. मुरूम. दुसरीकडं मारली, तिसरीकडं मारली. त्यांच्या लिंगायतांत माती देतात ती माणसाला बसवून, छातीइतका खोल खड्डा घेऊन. एकदा उकरलेली जमीन कितीही वर्षं गेली तरी अशी बोलत नाही. ही जमीन कुणी कधी उकरलीच नव्हती. बापानं नुसते दगड रचले होते.

महालिंगप्पानं पहार खाली ठेवली. त्याला बापाचा राग यायला हवा होता. पण आधी आठवली ती आई. म्हातारपणी गुडघे धरलेले असतानाही काठी टेकत, इथवर येऊन या कोऱ्या मुरमावर डोकं टेकणारी.

आठवडाभरानं त्यानं बैल शेजाऱ्याच्या दावणीला बांधला, नवं धोतर नेसलं आणि लोहाऱ्याहून यष्टी धरली. धाराशिवला गाडी बदलून भूमच्या स्टँडवर उतरला तेव्हा दुपार टळत होती. बाजाराचा दिवस होता. एका म्हाताऱ्या धनगराला विचारलं तर त्यानं हातातल्या काठीनं माळ दाखवला. "त्यो लिंब दिसतोय न्हवं, तिथंच सिदूचं घर. तुमी कोण म्हणायचं?"

"माकणीचा," एवढंच म्हणून महालिंगप्पा चालू लागला.

लिंबाखाली एक मोठं अंगण होतं. एका बाजूला कोकरं कोंडायची जाळीची वाघूर, दुसऱ्या बाजूला मागावर ताणलेली घोंगडी. सुना, नातवंडं, कुत्री, कोंबड्या, नुसता गलबला. मधोमध बाजेवर एक म्हातारा लोकर पिंजत बसला होता. महालिंगप्पाचे पाय तिथंच थबकले. म्हाताऱ्याला आईचं कपाळ होतं. आईचंच नाक, बोलताना मान एका बाजूला घ्यायची आईची लकब. आणि जबड्याखाली वाळून आवळलेला जुना व्रण.

"कोण पायजे?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"म्या महालिंगप्पा. कल्याणप्पा तेल्याचा."

लोकर पिंजणारा हात थांबला. मग म्हाताऱ्यानं बाजेवरचा पसारा बाजूला सारला.

"बस," तो म्हणाला. आणि सुनेला हाक मारून म्हणाला, "पाणी आण गं. नवा तांब्या घे. आन भाकरी-पिठलं कर आपल्या हातानं, चुलीवरचं वशाटाचं भगुनं आधी बाहीर काढ. पावणं लिंगवंत हायेत."

महालिंगप्पा बाजेच्या कडेला बसला. इतक्या वर्षांनी भाऊ भेटला होता आणि त्याच्यासाठी चूल सारवायला लागली होती.

जेवणं झाली. नातवंडं नवा माणूस बघायला भोवती जमली, सिदूनं त्यांना हाकललं नाही. त्यांच्या देखतच तो बोलायला लागला. आवाजात चढ नव्हता, उतार नव्हता. कुठल्या रानात कुठं पाणी लागलं ते सांगावं, तसा सांगत होता.

"खोपीत पडलो हुतो. अंग पेटल्यावाणी झालं हुतं. बाबा दारात उभा हुता, हातात गठुडं. म्या डोळं उघडलं. त्यानं बघितलं माझ्याकडं. म्या म्हणलं, पाणी. त्यानं तांब्या आणून उशाला ठिवला. मग गेला."

"म्हंजी त्येला ठावं हुतं? तुमी जिते हाय म्हणून?"

"ठावं हुतं."

महालिंगप्पानं मान खाली घातली.

"लोकं माणसं टाकून पळत हुती रं तवा," सिदू म्हणाला. "त्यो एकलाच न्हवता. आन तिकडं आळंदला तू आल्याचा सांगावा त्येला त्याच दिशी मिळाला हुता. आपल्या अंगानं साथ तिकडं न्यायची, का एक तरी वाचवायचा? त्येनं काय हिशोब केला आसंल त्यो त्येला ठावं. म्या लई साल इचार केला. आता करत न्हाय."

दुसऱ्या दिवशी बिरा नावाचा एक धनगर मेंढरं घेऊन त्या खोपींवरून चालला होता. कुत्रं एका खोपीपाशी भुंकत राहिलं म्हणून त्यानं आत डोकावलं. बायको नको नको म्हणत असताना त्यानं पोराला घोंगडीत गुंडाळून घेतलं. शेळीच्या दुधावर पोर तगलं, गाठ फुटली, ताप उतरला. नाव काय विचारलं तर पोराला बोलता येईना. मग बिऱ्यानंच त्याचं नाव सिदू ठेवलं. बिऱ्याला मूल नव्हतं. पुढं त्याचीच मेंढरं, त्याचंच घर सिदूचं झालं.

सिदूनं थोरल्या नातीला देव्हाऱ्यातली एक पुरचुंडी आणायला सांगितली. बिरोबा-खंडोबाच्या टाकांशेजारी ती ठेवलेली असायची. फडक्यात गुंडाळलेलं इष्टलिंग होतं. जन्मल्यावर गळ्यात बांधलेलं.

"माझ्या धनगर बापानं हे टाकू दिलं न्हाय. म्हणला, देव हाय, असू दे. आमच्या देवासंगं हळद-भंडारा लागतोय त्येला."

महालिंगप्पानं ते हातात घेतलं. भंडाऱ्यानं पिवळंजर्द झालं होतं. शास्त्राला धरून नव्हतं ते, पण त्यानं कपाळाला लावलं आणि परत दिलं.

"तुमी कधी घराकडं का आला न्हाय, अण्णा?" तो म्हणाला. अण्णा हा शब्द त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला तरी आपला म्हणून लावला होता.

सिदूनं पुरचुंडी बांधून नातीकडं परत दिली.

"आलो हुतो की. एकदा. बावीस-तेवीस सालाचा आसंल. मेंढरं तेरणेच्या काठाला उतरली हुती. हेळव्यासारखीच बिऱ्याची बायकू सगळं ध्येनात ठिवायची, तिनं गावाचं नाव सांगितलं. म्या भांडं घिऊन तेल घ्यायला गेलो. बाबा तेल मापत हुता. त्येनं वर बघितलं, आन हे बघितलं." सिदूनं जबड्याखालच्या व्रणाला बोट लावलं. "वळीखलं त्येनं. माझं भांडं त्येनं काठोकाठ भरलं, खाली सांडलं तरी वतत हुता. म्हणलं, आता नाव घील. म्या हुबा ऱ्हायलो. आतनं बाईचा आवाज आला कानडीत, 'यार बंदार?' कोण आलंय म्हणून."

"आई," महालिंगप्पा पुटपुटला.

"आसंल. तेवढाच आवाज आयकला म्या तिचा. बाबा म्हणला, 'कुणी न्हाय, धनगर हाय.' आन त्येनं खाली मान घातली ती वर केलीच न्हाय."

अंगणात कोकरं ओरडत होती. कुणीतरी त्यांना आयांकडं सोडत होतं.

"म्या कुठं हुतो तवा?"

सिदू पहिल्यांदाच हसला. "तू घाण्यावर हुतास. मिसरूड फुटलेलं. बैलामागं फिरत हुतास. मला म्हणलास, ए धनगरा, बाजूला सरक, बैल बिचकतोय."

महालिंगप्पानं आठवायचा खूप प्रयत्न केला. सोळाव्या वर्षी आपण घाण्यावर होतो, एवढं खरं. बैल बिचका होता, तेही खरं. पण असं किती जणांना म्हणालो असू. तेल न्यायला येणारे धनगर, वडार, वाटसरू. त्यांतला एकही चेहरा त्याला आठवेना. भावानं त्याला आयुष्यभर लक्षात ठेवलं होतं आणि त्याच्यापाशी भावाची एवढीशीही खूण नव्हती.

पुढं मग सिदूनं हे सगळं वाटेत भेटलेल्या म्हाताऱ्या हेळव्याला सांगितलं होतं. हेळवी माकणीला गेला तेव्हा कल्याणप्पानं त्याचे पाय धरले होते, गिरिजेच्या देखत नाव घेऊ नका म्हणून.

महालिंगप्पा तिथं दोन दिवस राहिला. आपण पाहुणे आहोत, हे त्याला क्षणोक्षणी कळत होतं. त्याच्यासाठी वेगळं भगुनं, त्याच्या पूजेला वेगळा कोपरा. नातवंडं आजोबाच्या अंगाखांद्यावर लोळत, याच्याकडं आली की उभी राहत. सिदूची बायको पदर डोक्यावर ओढून दुरूनच हवं-नको विचारायची. सगळे चांगले वागत होते, आणि त्यानंच त्याचा जीव कासावीस होत होता.

निघताना स्टँडवर सिदू सोडायला आला. गाडीला वेळ होता. दोघं चिंचेखाली बसले.

"अण्णा, एक बोलू?" महालिंगप्पा म्हणाला. "तुमी चला माझ्यासंगं. घर तुमचंच हाय. थोरल्याचा मान तुमचा. वहिनीला आणा, एखादं नातरू आणा. घर लई मोठं हाय हो, अण्णा. माणूस न्हाय त्यात."

सिदूनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. लोकरीचा वास येणारा, रुंद पंजा.

"न्हाय जमायचं, बाबा. माझं सगळं हितं हाय. तिथं माझं काय हाय सांग?"

'म्या हाय की,' असं महालिंगप्पाच्या ओठावर आलं होतं. ज्याच्यासाठी याला टाकला तोच आपण, आणि आता कुठल्या तोंडानं मागणार. टाकलेल्याचं अंगण भरलं होतं. ठेवलेला ओट्यावर एकटा बसत होता. यात न्याय होता का अन्याय, त्याला काही उमगेना. फक्त गाडी लवकर येऊ नये, असं वाटत होतं.

"पुढच्या साली सुगी झाली का मेंढरं तुझ्या रानात बसवू," सिदू म्हणाला. "रान खताला येतंय. म्या सवता येतो. आठ-पंधरा दिस ऱ्हाऊ."

या शब्दावर महालिंगप्पानं ते वर्ष काढलं. पावसाळ्यात घराची माळवदं नीट करून घेतली. पडवीत दोन बाजा टाकल्या. मुरूम गावच्या बाजारातून नवं पितळी ताट आणलं. सुगी झाल्यावर शेजारी म्हणाला, "नांगरट धरा आता, उन्हं लागतील जमिनीला." तर हा म्हणाला, "न्हाय. मेंढरं बसणार हायेत." दगड काढून मोकळ्या केलेल्या त्या जागेकडं शेजाऱ्यानं एकदा बघितलं होतं, पण विचारलं नव्हतं. महालिंगप्पाच्या घरची चौकशी करायची गावाची सवयच गेली होती.

फाल्गुन लागता लागता नदीपलीकडून धुरळा दिसला. महालिंगप्पा वेशीपर्यंत चालत गेला. मेंढरांचा लोंढा उतरणीवरून आला, मागं घोडी, घोड्यांवर बाडबिस्तरा, बायका, पोरं. तो प्रत्येक म्हाताऱ्याचा चेहरा निरखत राहिला. सगळ्यात मागून सिदूचा थोरला मुलगा गोरोबा आला.

"अण्णा मागनं येतायत का?"

गोरोबानं मुंडासं काढलं.

"आप्पा गेला, काका. आखाडात. दोन दिस छातीत दुखतंय म्हणला, झालं."

"आखाडात?" महालिंगप्पानं मनात महिने मोजले. आखाडात आपण माळवदावर माती टाकत होतो. "मला... सांगावा न्हाय धाडलात?"

गोरोबा ओशाळला. लबाड माणूस नव्हता तो.

"धाडायला पायजे हुता. वढ्या-नाल्यांस्नी पाणी, मेंढरांत रोग पडलेला. आन खरं सांगू का, काका... त्या गडबडीत ध्येनातच आलं न्हाय कुणाच्या. तुमी एकदाच आला हुता न्हवं."

"व्हय," महालिंगप्पा म्हणाला. "एकदाच आलो हुतो."

"पर आप्पानं बजावलं हुतं आदीच. चुलत्याच्या रानात मेंढरं बसवायची म्हणून. म्हणून आलो."

मेंढरं रानात बसली. महालिंगप्पा रोज सकाळी तिकडं जायचा, ताक घेऊन, कधी करडईच्या तेलाचं तांब्याभर घेऊन. गोरोबाची बायको काका काका म्हणायची. एका लहानग्यानं तर त्याचा हात धरून त्याला कोकरं दाखवली, नावं सांगितली. पडवीतल्या बाजांवर मात्र कुणी निजायला आलं नाही. धनगर मेंढरांपाशीच निजतात. चुलता म्हणून बोलवावं तर दोनदा बोलवून झालं होतं.

पाडव्याच्या आधी धनगरांचा वाडा, मेंढरं-बिऱ्हाडासकट सगळा तळ, हलला. महालिंगप्पा त्यांच्याबरोबर नदीच्या उतारापर्यंत गेला. "या की काका भूमला," गोरोबा म्हणाला, आणि ते तो मनापासून म्हणाला. महालिंगप्पानं मान हलवली. मेंढरं पलीकडच्या चढावर चढेपर्यंत तो पाण्यात पाय घालून उभा होता. मग परत फिरला.

त्या वर्षी त्याच्या रानातली करडई माणसाच्या कमरेला लागली. येणारा-जाणारा बांधावर थांबून बघायचा.

"तेली, काय टाकलं हो रानात?" एकानं विचारलं.

"माझ्या थोरल्या भावाची मेंढरं बसली हुती."

विचारणारा थोडा घोटाळला. तेल्याला भाऊ नाही, हे माकणीत सगळ्यांना ठाऊक होतं. म्हातारा भ्रमिष्ट झाला, असं समजून तो हूं म्हणाला आणि वाटेला लागला. महालिंगप्पाला त्याला थांबवून सगळं सांगायचं होतं. कुठून सुरू करावं ते मनात जुळवेपर्यंत तो माणूस ओढ्याच्या वळणाला पोचला होता.